एलो शीट आठ महिने वापरल्यावर: घरच्या मैदानाचे ते १०० अंक

घाईत असाल तर निकाल आधीच देतो. एनबीए म्हणजे उत्तर अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. तिच्या ३० संघांची ताकद मोजायला घरी बनवलेली एलो शीट पुरते, रुपयाही लागत नाही. एलो म्हणजे दर सामन्यानंतर विजेत्याला अंक देऊन पराभूताचे तेवढेच काढणारी रेटिंगची पद्धत. फक्त घरच्या मैदानाचे १०० अंक सूत्रात आहेत तसे ठेवू नका.

शीट चालली ऑक्टोबर २०२४ पासून २२ जून २०२५ पर्यंत, म्हणजे अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत. सूत्र फाइव्हथर्टीएट या अमेरिकी आकडेवारीच्या साइटने जाहीर केलेलं तेच: के (एका सामन्याने रेटिंग किती हलवायचं तो आकडा) २०, अंदाज काढताना यजमानाच्या रेटिंगमध्ये १०० अंक, गुणफरकाचा गुणक, आणि हंगाम बदलताना जुन्या रेटिंगचे तीन भाग अधिक १५०५ चा एक भाग, भागिले चार. ती साइट मार्च २०२५ मध्ये बंद पडली, सूत्र कुठे जात नाही. खाली 'गुण' म्हणजे मैदानावर केलेले आणि 'अंक' म्हणजे रेटिंगचे, नाहीतर गोंधळ होतो.

मध्ये एका पैसे घेणाऱ्या अॅपची फुकट मुदतही वापरून झाली. संघ तिसऱ्यावरून सातव्यावर का गेला असं विचारलं तर उत्तर 'आमचं मॉडेल'. अहो, मॉडेल तुमचं, पैसे आमचे, मग हिशोब कुणी दाखवायचा? शीटमध्ये चूक असली तरी निदान कुठल्या ओळीत आहे ते सापडतं.

सगळ्यांना १५०० देऊन कोरी सुरुवात केलीत तर नाताळापर्यंत यादीकडे बघूच नका. आधीचा २०२३-२४ चा हंगाम पूर्ण चालवून घ्या, मग नवा सुरू करा. कॉपी-पेस्टचं काम, तासाभरात होतं.

गुणकात बहुतेक जण एका ठिकाणी चुकतात. जितक्या गुणांनी जिंकले त्यात ३ मिळवा, त्याचा ०.८ घात काढा, मग ७.५ अधिक ०.००६ गुणिले रेटिंगफरक, याने भागा. हा रेटिंगफरक विजेता वजा पराभूत असाच घ्यायचा, घरच्या अंकांसकट, उणे आला तर उणे ठेवून. चिन्ह काढून टाकलंत तर दुबळ्याने बलाढ्याला हरवलं काय किंवा बलाढ्याने दुबळ्याला हरवलं काय, भाजक एकच राहतो आणि वरचे संघ आणखी वर फुगत जातात. सारख्या ताकदीच्या संघांत १० गुणांच्या विजयाला गुणक १.०४, २० ला १.६४ आणि ३० ला २.१९ येतो. म्हणजे तिप्पट फरकाने जिंकून दुप्पटच मोबदला. चितपट कुस्तीला मान जास्त, पण अख्खं मैदान त्या एका कुस्तीच्या नावावर होत नाही. बरोबरच आहे, शेवटची सहा मिनिटं राखीव खेळाडू पळत असतात.

मार्चमध्ये शीट कोलमडली. कारण तारखा. निकालांची फाइल अमेरिकी, आधी महिना मग दिवस. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये ३/४ चा अर्थ ३ एप्रिल होतो आणि ३/१३ ही तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होऊन खान्याच्या डाव्या कडेला चिकटते. ओळखायची खूण हीच: काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे. एलोला सामने काळाच्या क्रमानेच लागतात. क्रमवारी लावली की मजकूर झालेल्या ओळी सगळ्या तळाला जातात, रेटिंग चुकतं आणि शीट एकही लाल खूण दाखवत नाही. उपाय सोपा आहे. फाइल चिकटवण्याआधी शीटचं लोकेल (देशाची सेटिंग) युनायटेड स्टेट्स करा. चिकटवून झाल्यावर केलंत तर उपयोग नाही.

दुसरा खड्डा आपल्या घड्याळाचा. शनिवारी संध्याकाळी ७ चा न्यूयॉर्कचा सामना थंडीत आपल्याकडे रविवारी पहाटे ५:३० ला येतो. त्याच संघाचा रविवारी दुपारी १ चा सामना आपल्याकडे रविवारीच रात्री ११:३० ला. म्हणजे भारतीय तारखेने एका संघाचे एका दिवशी दोन सामने, आणि तारीख-संघ जोडीवर शोधणारं सूत्र पहिला निकाल उचलून दुसरा गिळतं. भारतीय वेळेतून सरळ १२ तास वजा करा, राहील ती अमेरिकी तारीख. त्यांचं घड्याळ नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये तासाने सरकतं, तरी १२ चा नियम मोडत नाही.

आता ते १०० अंक.

सारख्या ताकदीचे दोन संघ घ्या आणि यजमानाला १०० द्या. सूत्र म्हणतं, यजमान ६४ टक्के वेळा जिंकणार. प्रत्यक्षात एनबीएत हल्ली यजमान ५४-५५ टक्क्यांच्या आसपास जिंकतात. सरळ हिशोबाने ५५ टक्के म्हणजे ३५ अंक. सामने सारख्या संघांत होत नाहीत म्हणून थोडे वाढवा, ४० झाले. १०० हा आकडा जुन्या काळाचा आहे, यजमान ६० टक्क्यांच्या पुढे असायचे तेव्हाचा.

होतं काय ते एका ओळीत बघा. यजमान १६००, पाहुणा १५००, पाहुणा ५ गुणांनी जिंकला. घराला १०० दिले तर पाहुण्याला १२.७ अंक मिळतात, ४० दिले तर ११. पाहुणा ५ ने हरला तर १०० च्या हिशोबात त्याचे २.९ जातात, ४० च्या हिशोबात ३.९. जिंको वा हरो, पाहुण्याला दरवेळी अंक-दोन अंक फुकट. सहा सामन्यांच्या दौऱ्यावरून संघ आठ-दहा अंक जास्तीचे घेऊन परततो. सॅन अँटोनिओच्या मैदानात दरवर्षी फेब्रुवारीत रोडिओ भरतो आणि संघाला कित्येक आठवडे बाहेर खेळावं लागतं. तेवढ्यात यादी पाहिलीत तर स्पर्स आहेत त्यापेक्षा तगडे दिसतात. वर सगळ्या मैदानांना एकच बोनस. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर, आपल्या महाबळेश्वरापेक्षा उंच. तिथला पाहुणा तिसऱ्या क्वार्टरमध्ये धापा टाकतो, पण त्याला मिळणारी वागणूक मायामीत गेलेल्या पाहुण्यासारखीच.

तटस्थ मैदानांवर तर हा बोनस निव्वळ खोटा. कागदावर यजमान कुणीतरी लिहिलेला असतो आणि शीट डोळे मिटून त्याला अंक देते. पॅरिसमधले स्पर्स-पेसर्स दोन सामने, मेक्सिको सिटीतला एक, लास व्हेगासमधल्या एनबीए कपच्या (हंगामातच होणारी वेगळी स्पर्धा) उपांत्य लढती, या ओळींत हाताने शून्य टाका. कपची अंतिम लढत, १७ डिसेंबरची, मिलवॉकी ९७, ओक्लाहोमा सिटी ८१, ही हंगामाच्या ८२ सामन्यांत धरत नाहीत. शीटमध्ये मात्र घ्यावी, दोन्ही संघ जीव तोडून खेळले होते. जुने हंगाम चालवणार असाल तर २०२० चा करोनातला ओरलँडोचा बंदिस्त टप्पा आख्खाच शून्यावर.

१०० अंकांबद्दलचं इथपर्यंतचं मत फेब्रुवारीतलं. एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर दोन्ही शीट शेजारी लावल्या, १०० ची आणि ४० ची, तर वरच्या यादीत म्हणण्यासारखा फरक नाही. प्रत्येक संघ ४१ सामने घरी, ४१ बाहेर. फुकट मिळालेलं बरंचसं परत जातं. तेव्हा १०० अंकांवरची वर्षभराची चिडचिड जरा जास्तच झाली, हे कबूल. पण यादी वर्षाअखेरीलाच पाहायची तर शीट कशाला, गुणतक्ता आहेच की. मधल्या महिन्यांत आणि एकेका सामन्याच्या अंदाजात १०० चुकतोच. ४० वर ठाम.

खरा दोष वेगळाच निघाला. सांगलीच्या आयर्विन पुलावरची पट्टी पाणी किती फूट चढलं ते सांगते, कोयना धरणाचे दरवाजे केव्हा उघडले ते नाही. एलोचं तेच. २ फेब्रुवारी २०२५ ला डॅलसचा मुख्य खेळाडू डॉनचिच तिथून लेकर्समध्ये गेला, शीटमध्ये दोन्ही संघांचा एक अंक हलला नाही. बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी, ३ मार्चला डॅलसच्याच कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. डॅलसचं रेटिंग हरत हरत खाली येत होतं, एकेका सामन्याने. अशा वेळी हाताने रेटिंग बदलायचा मोह होतो. बदलू नका, नाहीतर पुढच्या अंदाजात तुमचं मत कुठलं आणि निकाल कुठला हे वेगळं काढता येत नाही. शेजारी 'कोण नाही' असा एक रकाना ठेवा, बस.

उलट इंडियानाच्या (म्हणजे पेसर्सच्या) बाबतीत शीटने पैसे वसूल केले, नव्हते घातले तरी. गुणतक्त्यात ५० विजय, ३२ पराभव, सरासरी गुणफरक दोनच्या थोडा वर. कुणी लक्ष देत नव्हतं. पण सुरुवात १०-१५ आणि पुढचे ५७ सामने ४०-१७. गुणतक्ता दोन्ही तुकडे एका पोत्यात भरतो, एलोत अलीकडचा निकाल जड पडतो, त्यामुळे चढण दिसत होती. पुढे बाद फेरीत त्यांनी ६४ विजयांच्या क्लीव्हलँडला ४-१ ने काढलं. हे शीटने ओळखलं होतं असं म्हणणार नाही, पण धक्का तक्ता बघणाऱ्यांपेक्षा कमी बसला.

अंतिम फेरीचा पहिला सामना जपून ठेवण्यासारखा आहे. ओक्लाहोमा सिटी ६८-१४, सरासरी गुणफरक १२.८७, इतिहासातला सर्वाधिक. घरच्या मैदानावर इंडियानाच्या हॅलिबर्टनने ०.३ सेकंद उरले असताना चेंडू बास्केटमध्ये मारला आणि ओक्लाहोमा १११-११० ने हरली. फरक २५० अंकांचा धरा, तरी अशा पराभवात फक्त ८ अंक जातात. एका गुणाच्या हारीला एवढीच किंमत हवी. सातव्या सामन्यात हॅलिबर्टन पहिल्याच क्वार्टरमध्ये बाहेर गेला, ओक्लाहोमा १०३-९१ ने जिंकली, आणि १२ गुणांच्या त्या विजयाचे पूर्ण अंक शीटने वाटले. कोण खेळत नव्हतं, तिला काय ठाऊक!

२०२५-२६ च्या हंगामासाठी के २०, घर ४०, तटस्थ शून्य, बाकी सूत्र तेच. बॉस्टनचं अवघड आहे. त्यांच्या टॅटमचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध मे २०२५ मध्ये तुटला, हॉलिडे आणि पोर्झिंगिस दुसरीकडे गेले, आणि ६१ विजयांचं रेटिंग एक चतुर्थांश सरासरीकडे ओढूनही वरच राहतं. त्या ओळीला हात लावलेला नाही, फक्त 'कोण नाही' मध्ये तीन नावं घातली आहेत.