टीआय-८३ प्लसचा लिंक पोर्ट: बेदाण्याचा एक हंगाम वापरून

टीआय-८३ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सेकंडहँड घेतला तो त्याच्या बुडाशी असलेल्या अडीच मिलिमीटरच्या जॅकसाठी, म्हणजेच लिंक पोर्टसाठी. तासगावकडे मामांची बेदाणा शेड आहे. तिथं रॅकजवळचं तापमान आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डानं नोंदवायचं आणि सांगलीहून गेलो की कॅल्क्युलेटर जोडून उतरवून घ्यायचं, एवढाच बेत. मामांचं मत पहिल्याच दिवशी आलं: "एक थर्मामीटर टांगला असतास तर भागलं नसतं का रे?" भागलं असतं. पण दुपारी दोन वाजता शेडमध्ये काय होतं ते संध्याकाळी थर्मामीटर सांगत नाही.

या पोर्टला संगणकाशी जोडायचा नेहमीचा यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर लावून उपयोग नाही, कारण इथं बॉड रेटची, म्हणजे बिट पाठवायच्या ठरलेल्या वेगाची, भानगडच नाही. जॅकच्या टोकाची लाल तार, मधल्या कड्याची पांढरी आणि ग्राउंड. लाल-पांढरी एरवी वरच्या व्होल्टेजला असतात. शून्य पाठवायचा तर पाठवणारा लाल खाली ओढतो, घेणारा पांढरी ओढून पोच देतो, मग दोघं आपापली तार सोडतात. एक पाठवायचा तर उलट. प्रत्येक बिटाला पोच! म्हणून समोरचं यंत्र जरा रेंगाळलं तरी बिट गळत नाही. फारच रेंगाळलं तर मात्र स्क्रीनवर 'एरर लिंक' येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

उनो पाच व्होल्टचा असल्यामुळे थेट जोडता आला. त्यासाठी आर्टिकल नावाची तयार कोडची लायब्ररी आहे. तिच्यामुळे उनो टीआयच्या सीबीएल या प्रयोगशाळेतल्या यंत्राचं सोंग घेतो आणि कॅल्क्युलेटरच्या बेसिक भाषेतल्या 'गेट' कमांडला उत्तर देतो. खरी कसरत मेमरीची. कॅल्क्युलेटरला प्रत्येक आकडा नऊ बाइटांत लागतो, मग तो साडेचौतीस का असेना. दर दहा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाच्या १४४ नोंदी, त्याचे झाले १२९६ बाइट; उनोची रॅम सगळी मिळून २ केबी. म्हणून दिवस दोन याद्यांत तोडला, एल१ सकाळची, एल२ दुपारनंतरची. ईईप्रॉममध्ये, म्हणजे उनोच्या वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, मात्र अर्ध्या अंशाच्या पायरीनं एका नोंदीला एकच बाइट ठेवला. आठवड्याच्या १००८ नोंदी १०२४ बाइटांत अगदी चपखल बसल्या.

९६ बाय ६४ ठिपक्यांच्या पडद्यावर आलेख काही देखणा दिसत नाही, पण दुपारचा उंचवटा लगेच कळतो. तो पाहून मामांनी पश्चिमेच्या शेडनेटला अजून एक पदर लावला. आता तेच विचारतात, "आजचा डोंगर किती चढला?"

नावडलेली गोष्ट म्हणजे जॅक. अडीच मिलिमीटरची केबल आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही. मागवलेल्या एका केबलीत कड्याची तारच जोडलेली नव्हती, मल्टिमीटर लावल्यावर समजलं. शिवाय प्लग पुरता 'टक्' होईपर्यंत दाबला नाही तर वरून बसल्यासारखा दिसतो, आत संपर्क नसतो. कॅल्क्युलेटर कायम जोडून, प्रोग्रॅम चालू ठेवून नोंदी घ्यायच्या फंदातही पडू नका. प्रोग्रॅम चालू असताना तो आपोआप बंद होत नाही, चारही ट्रिपल-ए सेल खाऊन टाकतो. नोंद उनोनं ठेवावी, कॅल्क्युलेटरनं फक्त नेऊन दाखवावी.

घ्यायचा विचार असेल तर टीआय-८४ प्लसलाही हा जॅक आहे, शिवाय मिनी यूएसबीही. ८४ प्लस सीईला मात्र जॅक नाही, त्यामुळे जुना घेताना जॅकच्या बाजूचा फोटो आधी मागून घ्या.