माफ करणे आणि समेट करणे

माफ करणे हा एकट्याचा निर्णय असतो. दुखावणारा दूर असला किंवा हयात नसला, तरी मनातला आकस सोडता येतो. समेटाला मात्र दोघे लागतात, आणि त्यात दुखावणाऱ्याने अधिक झिजले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे: चारचौघांत केलेली बदनामी चारचौघांतच मागे घेणे, बुडवलेले पैसे परत करणे आणि पुढे बराच काळ शब्द पाळून दाखवणे, हे सारे त्यात येते. मारहाणीची भीती कायम असेल, तर माफ करूनही वेगळे राहणेच योग्य. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या काळातील अत्याचारांच्या चौकशीसाठी १९९५ च्या कायद्यानुसार नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने शिक्षेतून सूट देण्यासाठी कृत्यांची पूर्ण कबुली मागितली. पीडितांनी माफ करावे, अशी अट मात्र नव्हती.