गिझरखालची भिंत फोडू देण्याआधी

घरात अचानक पाणी फुटलं, नेहमीचा प्लंबर हाताशी नाही आणि फोनवर शोधून सापडलेल्या पहिल्या नंबरावरून माणूस बोलवावा लागला, तर तो दारात येण्याआधी दोन कामं उरका. पाणी गिझरच्या आसपास असेल तर गिझरचा स्विच बंद करा, तिथे ओल असेल तर त्या स्विचला हात न लावता, कोरड्या हाताने सरळ मेन स्विच पाडा. मग गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा. आम्हाला ज्या रीतीने लुबाडलं ती रीत फक्त पाणी वाहत असेपर्यंतच चालते, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते.

आम्ही गोव्यात, फोंड्यात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुर्टी-खांडेपारला ओपा जलप्रकल्पाच्या मोठ्या जलवाहिन्या फुटल्या आणि फोंडा-तिसवाडीतले नळ कित्येक दिवस कोरडे पडले, ते इथलं कुणीही विसरलेलं नाही. त्यानंतर आमच्या वाड्यावर बऱ्याच जणांनी टाक्या वाढवल्या. आम्हीही हजार लिटरची बसवली. नळाला पाणी आलं नाही तरी आता निभावतं, पण घरातला एखादा जोड सुटला की तेच हजार लिटर पाणी घरात उतरतं.

तसंच झालं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं) सामान ओसरीवर पसरलेलं, आणि न्हाणीघरातल्या माळ्याखालची भिंत पाझरायला लागली. पाहता पाहता पाणी पॅसेजमध्ये आलं. आमचा प्लंबर चवथीला गावी, दोडामार्गला गेलेला. पुतण्याने फोनवर शोधलं, सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतला नंबर लावला. एका मुलीने फोन घेतला, पत्ता लिहून घेतला, ‘व्हिजिट चार्ज २९९’ म्हणून सांगितलं. तासाभरात एकजण बॅग घेऊन हजर. बोलायला गोड. सासूबाईंना काकी, मला वहिनी. मखराकडे बघून हात जोडले.

त्याने पुढे जे केलं ते नीट वाचा, कारण त्यातली प्रत्येक पायरी ठरवून टाकलेली होती.

आधी भिंतीला हात लावून तो म्हणाला, ‘वहिनी, आतली कन्सील्ड लाइन गेली. आत्ता नाही धरली तर उद्या स्लॅबखाली पाणी जाईल.’ काय खर्च येईल विचारलं तर म्हणाला, ‘जास्त नाही, साडेचारशेचा रेट आहे.’ टाइल फोडताना कपच्या डोळ्यांत जातात म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आतून छिन्नीचे आवाज येत राहिले. थोड्या वेळाने पाणी थांबलं. बाहेर येऊन त्याने गंजून चाळण झालेला लोखंडी पाइपाचा तुकडा दाखवला. ‘बघा, हे होतं आत.’ सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, देव येण्याआधी संकट टळलं म्हणून.

मग बिल. साडेचारशे हे फुटाला होते. टाकीपासून गिझरपर्यंतची लाइन त्याने टेप लावून मोजली, बावीस फूट. म्हणजे ९,९०० रुपये. ‘सगळ्या लाइनीतून सीलिंगचं केमिकल फिरवलंय’ त्याचे ३,२०० वेगळे. वर २९९. एकूण १३,३९९. फोडल्या होत्या दोन टाइल्स. आम्ही वाद घातला तेव्हा गोड बोलणं संपलं. ‘पैसे नाहीत तर केलेलं काम काढून टाकतो, परत पाणी चालू होईल,’ असं तो पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाला. चवथ उद्यावर आलेली. शेवटी तेरा हजारांवर सौदा ठरला. क्यूआर कोड त्याने मोबाइलवर दाखवला, त्यावर नाव भलत्याच कुणाचं होतं. छापील बिल मागितलं तर ‘ऑफिसमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येईल’ हे उत्तर. जाताना बजावून गेला: सिमेंट सुकेपर्यंत, म्हणजे दोन दिवस, गिझर लावू नका.

ते बजावणंच सगळ्या प्रकरणाची किल्ली होतं.

विसर्जन झालं, पाहुणे गेले, गिझर लावायचा म्हणून पाहिलं तर त्यात पाणीच येईना. भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे गिझरकडे जाणारं पाणी बंद-चालू करायची छोटी तोटी, बंद होता. तो उघडला आणि पुन्हा तीच धार. (आत पाणी नसताना गिझर चालू केला असता तर कॉइल जळाली असती, तेवढं तरी वाचलं.) त्याच्या नंबरावर फोन लावला तर लागेना, आणि त्या मुलीचा नंबर सारखा व्यस्त.

दोडामार्गहून आमचा प्लंबर परतला. त्याने माळ्यावर चढून गिझरच्या मागे बॅटरी मारली आणि लगेच दाखवलं. अँगल कॉकपासून गिझरला जाणारा लवचिक कनेक्शन पाइप नटाजवळ चिरला होता. तिथली धार गिझरच्या मागून भिंतीवर पडत होती, म्हणून भिंतच पाझरतेय असं वाटत होतं. फोडलेल्या टाइलमागचा गिलावा त्याने थोडा उकरला. आत आमचा मूळ सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पिवळट पाइप जसाच्या तसा होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता. आमच्या घरात लोखंडी पाइप कुठेच नाही. गंजका तुकडा त्या माणसाच्या बॅगेतून आलेला. दार लोटून त्याने इतकंच केलं होतं: अँगल कॉक फिरवून बंद केला, दोन टाइल्स फोडल्या आणि सिमेंट थापलं. नवा कनेक्शन पाइप, टेफलॉन टेप आणि मजुरी मिळून आमच्या प्लंबरने चारशे रुपये घेतले.

आता जे त्याच्याकडून शिकले ते सांगते. ‘भिंतीतली लाइन गेली’ असं कुणी म्हणालं तर ते खरं की खोटं हे घरच्या माणसालाही तपासता येतं. टाकीपासून कॉकपर्यंतचा पाइप कॉक बंद असला तरी पाण्याने भरलेलाच असतो. तेव्हा गिझरचा, फ्लशचा, बेसिनखालचा असे अँगल कॉक एकेक करून बंद करा. एखादा बंद केल्यावर पाणी थांबलं तर टाकीपासून त्या कॉकपर्यंतचा भिंतीतला पाइप शाबूत आहे, दोष कॉकच्या पुढे आहे, आणि पुढे सहसा शेदोनशे रुपयांचं सामान असतं. सगळे कॉक आणि नळ बंद करूनही पाझर चालू राहिला तरच भिंतीकडे बघायचं. तेव्हाही पावसाचे दिवस असतील तर आधी गच्ची बघा. पावसाच्या सरीबरोबर वाढणारी आणि उघडीप पडली की कमी होणारी ओल सहसा गच्चीतून येते, पाइपातून नाही.

गळती छुपी असेल तर मीटर बघा असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं. टाकी भरून फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप अडवणारा) बंद झाल्यावरही मीटर फिरत असेल तर मीटर ते टाकी या टप्प्यात गळती आहे. टाकीच्या पुढची गळती मीटर तेव्हाच सांगत नाही. त्यासाठी रात्री टाकीत येणारं पाणी बंद करायचं, पातळीवर खडूची खूण करायची, घरातले नळ उघडायचे नाहीत आणि सकाळी पातळी बघायची. मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला पाइप फुटला असेल तर ते काम पाणीपुरवठा खात्याचं, त्यासाठी खाजगी माणसाला पैसे देऊ नका.

दराबद्दल एकच सांगणं. आकडा ऐकला की ‘कशाचे?’ असं विचारा: फुटाचे, पॉइंटचे, की पूर्ण कामाचे. उत्तर त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, मगच छिन्नी लागू द्या. काम चालू असताना घरचं एक माणूस समोर उभं राहू द्या. बाहेर जायला सांगितलं तर जाऊ नका. काढलेला पाइप भिंतीतून निघताना स्वतः बघा. पिण्याच्या लाइनीत केमिकल सोडतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा, ते पाणी आपण पितो.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचं शुल्क लागत नाही. पण तिथे समोरच्याचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. आमच्याकडे आहे तो एक बंद फोन आणि क्यूआर कोडवरचं परकं नाव. पैसे देण्याचा पुरावा आहे, पण नोटीस कुणाच्या दारी पाठवायची हे ठाऊक नाही. म्हणून पत्ता असलेलं बिल पैसे देण्याआधी मागा, नंतर ते मिळत नाही. पोलिसांतही अर्ज दिला आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

गोव्यात कितीतरी घरांत आता म्हातारे आईवडील दोघंच असतात, मुलं पुण्याला नाहीतर दुबईला. माझी कळकळीची विनंती त्या मुलांना आहे. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा टाकीखालचे व्हॉल्व्ह एकदा फिरवून बघा, वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका वेळेला जाम असतो. गच्चीवर चढणं आईवडिलांना झेपत नसेल तर खाली, हाताला येईल अशा ठिकाणी एक व्हॉल्व्ह प्लंबरकडून बसवून घ्या. प्रत्येकावर रंगाने ‘न्हाणीघर’, ‘स्वयंपाकघर’, ‘गिझर’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. आणि वाड्यावरच्या दोन प्लंबरांचे नंबर, एक सणाला गावी जाणारा असला तर दुसरा इथेच राहणारा, मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा.