डॉक्टरला माहिताय पण बोलता येत नाही: अ‍ॅलन ग्रेगरी सिरीज

बर्डीवर फुटपाथला जुनी पुस्तकं लावतात ना, तिथे मागच्या उन्हाळ्यात एक जाडजूड इंग्लिश पुस्तक दिसलं, कव्हर अर्धं फाटलेलं, भाऊ म्हणे ऐंशी द्या, मी साठ म्हटलं, सत्तरात जमलं. 'प्रिव्हिलेज्ड इन्फर्मेशन', लेखक स्टीफन व्हाइट. नाव बापजन्मात ऐकलं नव्हतं. पण नागपूरचा मे महिना, बाहेर तर निघता येत नाही, कूलरसमोर पडल्या पडल्या दोन दुपारींत संपवलं आणि मग नादच लागला, पुढची किंडलवर घेत गेले. सिरीज एकूण वीस पुस्तकांची, 1991 ला सुरू झाली आणि 2013 ला संपली. माझी अकरा झालीत.

हिरो अ‍ॅलन ग्रेगरी, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात प्रॅक्टिस. लेखक स्वतः याच धंद्यातला, आणि ते जाणवतं. पहिल्याच पुस्तकात अ‍ॅलनची एक पेशंट मरते, आत्महत्या केली असं दिसतं, आणि पेपरात छापून येतं की डॉक्टरचे तिच्याशी संबंध होते. आपण असतो तर चौकात उभं राहून ओरडलो असतो की खोटं आहे हे सगळं. याला ते करताच येत नाही, कारण पेशंट गेली तरी तिनं बंद खोलीत जे सांगितलं ते तिचंच राहतं, ते बाहेर काढून स्वतःची कातडी वाचवायची नाही. मग आणखी पेशंट मरायला लागतात आणि हा बाप्पा गप्पच. मला पहिली शंभर पानं त्याचा राग आला, की अरे बोल ना भैताडा, आणि नंतर कळलं की लेखकाला नेमका तोच राग आणायचा आहे.

खरी मजा इथेच आहे. बाकीच्या मर्डर मिस्ट्रीत कोणी मारलं ते शोधायचं असतं, इथे बरेचदा एका माणसाला अर्धं उत्तर माहीत आहे आणि त्याच्या तोंडाला कुलूप. त्यात त्याचा दोस्त सॅम पर्डी पोलीस डिटेक्टिव्ह, आणि लॉरेन, जिच्याशी पुढे लग्न होतं, ती सरकारी वकील! म्हणजे नवराबायको एकाच टेबलावर जेवायला बसलेत, दोघांच्याही पोटात त्याच भानगडीचा एकेक तुकडा, आणि बोलायचं काय तर भाजीत मीठ कमी आहे. सायकॉलॉजिस्टवाली दुसरी फेमस सिरीज म्हणजे अ‍ॅलेक्स डेलावेअरची, 1985 पासूनची, पण तो बरेचदा पोलिसांचा सल्लागार म्हणूनच फिरतो, त्यामुळे ही घुसमट तिथे एवढी लागत नाही.

बोल्डर साधारण लाखभर वस्तीचं गाव, कोणीही कुठेही भेटतं. हे वाचताना मला सारखी माझी मावसबहीण आठवून राहिली होती. ती काउन्सेलर आहे, धंतोलीत बसते. एका लग्नात आम्ही दोघी वडाभाताच्या लायनीत उभ्या, समोरून एक बाई आली, हातभर अंतरावर, आणि ताईची नजर तिच्या चेहऱ्यावरून अशी गेली जशी भिंतीवरून जाते. बाई प्लेट घेऊन पुढे. नंतर तीच बाई माझ्या आईच्या गळ्यात पडली, आमच्याच नात्यातली निघाली! मी म्हटलं अगं ओळख काहून दिली नाहीस, तर ताई म्हणे, "कढी घे, गार होऊन राहिली." बस. ती पेशंट होती की ताईला खरंच ओळख पटली नव्हती, मला आजही माहीत नाही. (आणि हे इथे लिहून मीच चुगली करतेय असं वाटतंय, म्हणून लग्न कोणाचं ते विचारू नका.)

आपल्याकडे या गप्प बसण्याची किंमत जास्तच कळते. प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं तर ऑटोवाला दोनदा विचारतो, पागलखाना चौक म्हटलं की लगेच मीटर. मी स्वतः झोपेच्या तक्रारीसाठी एका क्लिनिकला गेले होते, तिथला रिसेप्शनवरचा पोट्टा भर वेटिंगमध्ये ओरडला, "झोपेच्या गोळ्यावाल्या मॅडम कोण?" वीस डोकी वळली. परत गेले नाही.

मग नियम कधीच मोडायचा नाही का? पुस्तकांमागे अमेरिकेतली तारासॉफची केस उभी आहे. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत आपल्या भारतातूनच शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्यानं थेरपिस्टला सांगितलं की मी एका मुलीला मारणार, थेरपिस्टनं युनिव्हर्सिटीच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी पकडून सोडून दिलं, मुलीला कोणीच काही सांगितलं नाही, आणि ऑक्टोबरमध्ये त्यानं तिला खरंच मारलं. 1976 ला कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी थेरपिस्टवर येते. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही कलम 23 मध्ये गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, आणि दुसऱ्याला इजा होणार असेल तर सांगायची सूट, तीही तेवढ्यापुरतीच. अ‍ॅलन सगळा वेळ याच रेषेवर नाचतो. पेशंट धमकी देतोय की नुसता मनातला राग काढतोय? हे ठरवताना त्याचं डोकं कसं चालतं ते व्हाइट छान लिहितो, घाई करत नाही.

आता तक्रारी. एका सायकॉलॉजिस्टच्या नशिबी किती खून यावेत, राजेहो! सहाव्या-सातव्या पुस्तकानंतर नवीन पेशंट खुर्चीत बसला की मला आधी त्याचीच काळजी वाटायची. पेशंटची भानगड, शेजाऱ्याची भानगड आणि बायकोची कोर्टातली केस शेवटी एकच निघते, हे एकदा चालतं, दरवेळी नाही. शेवटची पन्नास पानं कधीकधी पार सिनेमा होतात, धावपळ, बंदुका, आणि ज्या गप्प बसण्यासाठी आपण पुस्तक उचललं ते कुठल्या कुठे.

पहिलं वाचाच. त्यानंतर सरळ 2006 चं 'किल मी' घेतलं तरी चालेल, त्यात गोष्ट पेशंटच सांगतो: पैसेवाला माणूस, एका टोळीशी करार करून बसलाय की मी फार आजारी पडलो तर मला मारून टाका, आणि आता त्याला जगायचंय. अ‍ॅलन तिथे समोरच्या खुर्चीत फक्त ऐकतो आणि तरी माझ्या मते सिरीजमधलं सगळ्यात भारी तेच. एकूण पाचपैकी साडेतीन, पहिल्याला चार.

माझी सत्तर रुपयांची कॉपी मागू नका. ताईला दिली होती, तीन महिने झाले, परत मागितली तर म्हणे एकीला वाचायला दिलीय. कोणाला, विचारलं, तर नुसती हसली.