कान तपासून देणारे दोन दिवस: रेडिओटेलिफोनीच्या उजळणी वर्गाबद्दल

अप्रोच कंट्रोलर म्हणून, म्हणजे विमानतळाकडे येणाऱ्या विमानांना रेडिओवरून सूचना देण्याच्या कामात, अकरा वर्षं झाली. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो तो रीडबॅक, असे शेकडो रोज कानावरून जातात. त्यामुळे रेडिओवरच्या बोलण्या-ऐकण्याच्या दोन दिवसांच्या या उजळणी वर्गाला नाव दिलं तेव्हा फारशी अपेक्षा नव्हती. पहिल्याच सकाळच्या एका सरावानं माझं मत बदललं.

सराव साधा. हेडसेट लावायचा, कंट्रोलर आणि वैमानिकांचं वीस मिनिटांचं बोलणं ऐकायचं आणि रीडबॅक चुकला की बटण दाबायचं. चुका सहा होत्या, मी चार पकडल्या. निसटलेली एक चूक शिकवणाऱ्या बाईंनी परत ऐकवली. कंट्रोलरनं फ्लाइट लेव्हल ११० (साधारण ११,००० फूट उंची) दिली होती, वैमानिक सरळ ‘वन झिरो झिरो’ म्हणत होता. आता ते ढळढळीत ऐकू येत होतं. पहिल्या खेपेला मात्र मी ११०च ऐकलं होतं, कारण उत्तर तेच येणार हे मी धरून चालले होते, आणि तेवढ्यात दुसऱ्या विमानानं हाक मारली होती. दोन विमानांमधलं हजार फुटांचं सेपरेशन, म्हणजे सुरक्षित अंतर, तिथेच संपलं असतं. १०० ला ‘वन हंड्रेड’ म्हणायची पद्धत कशासाठी आली हे मला पाठ होतं. कानाला ते त्या दिवशी कळलं.

यावर त्यांनी शिकवलेला उपाय मी आता रोज वापरते. क्लिअरन्स, म्हणजे परवानगीची सूचना, देताना आकडा स्ट्रिपवर (त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर) लिहायचा आणि रीडबॅक येत असताना पेनाचं टोक एकेका अंकावर सरकवत न्यायचं. मन दुसरीकडे गेलं की टोक थांबतं, ते लगेच लक्षात येतं.

१९८९ साली क्वालालंपूरजवळ पडलेल्या मालवाहू बोइंग ७४७ विमानाचा संवादही आम्ही ओळीओळीनं वाचला. कंट्रोलरला २४०० फूट म्हणायचं होतं, तो म्हणाला ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. वैमानिकांनी आकड्यातला ‘टू’ (दोन) ‘पर्यंत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द म्हणून घेतला आणि ‘ओके, फोर झिरो झिरो’ असं उत्तर दिलं. ते कुणी दुरुस्त केलं नाही. विमान डोंगरावर आदळलं, चौघेही गेले. चूक ऐकू येईल अशा शब्दांत परत आली होती, हे वाचताना अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशीचा रेडिओचा प्रयोग सर्वांत मोलाचा. मला आणि एका वैमानिकाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकाच क्षणी बोलायला लावलं. आम्हा दोघांनाही वाटलं, आपलं बोलणं पोहोचलं. बाकीच्यांना ऐकू आली ती नुसती शिट्टी. बोलणारा बटण दाबून असतो तेवढा वेळ तो ऐकू शकत नाही, मग आपला आवाज दबला हे त्याला कळणार कसं? २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात हेच घडलं, आणि पॅन ॲम आणि केएलएम या कंपन्यांची दोन विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. टॉवरचं ‘थांबा’ आणि पॅन ॲमचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे एकावर एक पडलं, केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोहोचला तो किंचाळल्यासारखा आवाज. ५८३ माणसं गेली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त टेक-ऑफचं क्लिअरन्स देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, या नियमामागे ती माणसं आहेत. नवीन मुलांना नियम शिकवताना मी हे आता सांगतेच.

आता तक्रारी. शेजारच्या केंद्रांशी फोनवरून होणाऱ्या कोऑर्डिनेशनला अख्ख्या वर्गात वीस मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत. २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनला दोन विमानांची टक्कर झाली, तेव्हा शेजारच्या केंद्राला धोका दिसत होता, ते फोन लावत होते आणि फोन लागत नव्हता. ७१ जणांचा जीव गेलेल्या त्या घटनेला एक स्लाइड देऊन पुढे जाणं मला अजिबात पटलं नाही. सरावाच्या फितीही फार स्वच्छ होत्या. खरखर नाही, घाईत खाल्लेले शब्द नाहीत, एकसारखे कॉलसाइनही (विमानांची रेडिओवरची नावं) एकदाच. समोरासमोर येणारी दोन जेट ४८० नॉटनं उडत असतील, तर मधले ५ नॉटिकल मैल १९ सेकंदांत संपतात. तेवढ्या वेळात ‘निगेटिव्ह’ म्हणून चूक सुधारायची, तर सरावही त्याच गर्दीत आणि त्याच वेगानं हवा.

आणि वैमानिक-कंट्रोलर एकत्र बसले ते शेवटचे दोनच तास. त्यात एका कॅप्टननं मला विचारलं, ‘मॅडम, तुम्ही हेडिंग, लेव्हल, स्पीड आणि नवी फ्रीक्वेन्सी एका दमात का देता?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. गर्दीत वेळ वाचतो असं वाटतं, पण चुकलेलं परत विचारण्यात त्याहून जास्त जातो. तेव्हापासून एका वेळी दोनच सूचना देते.

पाच-सात वर्षं फ्रीक्वेन्सीवर काढलेल्यांनी हा वर्ग जरूर करावा. अगदी नवख्यांनी थोडं थांबलेलं बरं, आपण काय गृहीत धरतो हे सवय झाल्यावरच सापडतं. अभिप्रायाच्या कागदावर मी फोनच्या सरावासाठी अर्धा दिवस मागितला आहे. तो मिळाला तर आमच्या शिफ्टमधल्या आणखी तिघांना पाठवणार आहे.