मालवणला थांबणारी क्रूझ

७०,४४० रुपये. क्रूझच्या खोट्या बुकिंगात गेलेला आकडा आधीच सांगून टाकते, कारण नातेवाइकांत फिरता फिरता तो दीड लाखावर गेलाय आणि काहींच्या मते मी ओटीपी दिला. ओटीपी कुणी मागितलाच नाही. पैसे मी स्वतःच्या हाताने, पिन टाकून, चार वेळा पाठवले.

आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीने. त्यामुळे आमच्याकडे बोट म्हणजे 'रोहिदास', नाहीतर 'कोकण सेवक'. डेकचं तिकीट, गडबडीत चढून आधी वळकटी पसरायची नि जागा धरायची, बोट लागू नये म्हणून तोंडात आवळासुपारी. पावसाळ्यात बोटी बंद. आणि बंद नसत्या तरी आजीने कुणाला बसू दिलं नसतं, कारण १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर 'रामदास' बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, त्याची धास्ती आजीने जन्मभर सोडली नाही. पाऊस सरला, दर्या निवळला की मग बोटीचं नाव काढायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ही बोटवाहतूक संपली, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि आई खिडकीशी बसून बोगदे मोजायला लागली. 'रेल्वेत सगळा बरा, पण दर्या खंय दिसता?' हे तिचं दरवेळचं.

२०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रिया' क्रूझ सुरू झाली तेव्हाच तिला न्यायचं मनात होतं. तेव्हा माझी नोकरी आडवी आली, नंतर कोविड. गेल्या वर्षी तिची ७५ पूर्ण झाली आणि मी ठरवलं, या कोजागिरीला आई बोटीवर.

दोन रात्री फोनवर क्रूझ, गोवा, ज्येष्ठ नागरिक असं शोधत बसले होते. तिसऱ्या दिवशी फेसबुकवर जाहिरात समोर आलीच. पांढरीशुभ्र बोट, वर एका खऱ्या क्रूझ कंपनीचं नाव, आणि 'आईबाबांसोबत शरद सहल, ६० वर्षांवरील प्रवाशाला निम्मं भाडं'. वेबसाइटच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'बुकिंग' हा शब्द होता. तो मला दिसला. मला वाटलं, बुकिंगचा विभाग वेगळा असेल.

फोन उचलणारा मुलगा इतकं स्वच्छ, आर्जवी मराठी बोलत होता की मी लगेच सैलावले. 'ताई, आईंना काही खास आठवणी आहेत का जुन्या बोटींच्या? म्हणजे तशी केबिन बघतो.' आता हे वाचून तुम्हाला कळलं असेल, मला तेव्हा कळलं नाही. मी अर्धा तास बोलले. जयगड सांगितलं, विजयदुर्ग सांगितलं, मालवण सांगितलं. डेकवर चांदणं बघायचं, तिच्या हातात मसाला दूध द्यायचं, हेसुद्धा सांगितलं. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, व्हीलचेअर लागेल. भावाला यातलं काही ठाऊक नाही, खर्च मी एकटी करणार आहे.

संध्याकाळी पीडीएफ आली. 'मुंबई – जयगड – विजयदुर्ग – मालवण – गोवा. विशेष कोजागिरी सफर. डेकवर मसाला दूध.' मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. वाटलं, किती लक्ष देऊन ऐकलं याने!

त्या माणसाला बोटीतलं काहीएक कळत नव्हतं. सगळा माल माझा होता, त्याने फक्त टाइप करून मला परत विकला. जाहिरात, वेबसाइट, हुबेहूब पावत्या याबद्दल सगळे सांगतात, त्याच्याबद्दल मीही पुढे सांगते. पण मला त्यातल्या कशाने फसवलं नाही. मीच दिलेली माहिती त्याच्या तोंडून ऐकली आणि ती मला पुरावा वाटली.

आणि एक गोष्ट तो पहिल्याच दिवशी म्हणाला. 'आईंना सांगू नका ताई, सरप्राइज ठेवा. बघा चेहरा कसा होतो.' यामागचं कारण पुढे येईल.

पैशांचं असं झालं. आधी ५,००० टोकन. मग दोघींचे ४१,०००. मग 'पोर्ट चार्जेस आणि व्हीलचेअर असिस्टन्स' ८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. ती चाळीस रुपयांपर्यंतची बारीक रक्कम बघून मला उलट बरं वाटलं. लबाड माणूस गोल आकडा सांगेल, अशी माझी समजूत. निघायच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला 'परत मिळणारी अनामत' १५,०००. हे नाही भरलं तर केबिन दुसऱ्याला जाईल, बोर्डिंग पास आठ वाजता येईल. पास आला. बारकोडसुद्धा होता.

चारही वेळा क्यूआर कोड वेगळा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दिसतं, ते मला दिसलं. एकदा कुणा माणसाचं नाव, एकदा कुठल्याशा किराणा स्टोअर्सचं. मी विचारलंही. 'कंपनीचं मुख्य खातं ऑडिटमध्ये आहे ताई, हे आमच्या अधिकृत वेंडरचं.' मी स्वतः अकाउंट्समध्ये पंधरा वर्षं काढली आहेत. ऑडिट चालू आहे म्हणून पैसे घेणं बंद करणारी कंपनी मी आजवर पाहिलेली नाही. तरी पिन टाकला. ऑफिसात हेच बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

जीएसटीची पावती मी नंतर, सगळं आटोपल्यावर, नीट बघितली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, खातं कुणाचं ते सांगतं: कंपनी असेल तर सी, एकटी व्यक्ती असेल तर पी. माझ्या पावतीवर वर ठळक 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि खाली सहावं अक्षर पी. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला तर तो एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. बिचाऱ्या दुकानदाराला आपला क्रमांक कुठे फिरतोय याचा पत्ताही नसेल. हे शोधायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. हीच दोन मिनिटं आधी दिली असती तर, असं म्हणायची आता सवय झाली आहे.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे क्रूझ कंपनीच्या मूळ वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून, त्यावर फोन करून बुकिंग क्रमांक सांगायचा. एजंटने दिलेल्या 'हेल्पलाइन'वर नाही. मी त्याच्याच हेल्पलाइनवर केला होता. बाईंचा आवाज होता, मागे ऑफिसची गजबज, 'युवर बुकिंग इज कन्फर्म्ड मॅम'.

निघायच्या दिवशी आईला नवी साडी नेसायला लावली, कुठे ते सांगितलं नाही. ठाण्याहून टॅक्सीने ईस्टर्न फ्रीवेवरून ऑरेंज गेटला उतरलो आणि पी. डिमेलो रोडला लागल्यावर बंदराच्या भिंती बघून तिला वास आलाच. 'भाऊच्या धक्क्यार न्हेतंस काय गो माका?' मग मला राहवलं नाही. पर्समधून तो छापलेला कागद काढून तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावला. हळूहळू वाचलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ज्यासाठी एवढं केलं तो क्षण हा.

'ह्या कोणी लिवल्यान?'

'कंपनीने, आई.'

'मालवणात बोट धक्क्याक लागतली? खंयच्या धक्क्याक गो? थंय सगळी खडपां. आमची बोट भायर दर्यात उभी रवायची, मगे पडावात उतरूचा लागा.'

टॅक्सी चालूच होती. क्रूझ जिथून सुटणार होती ते ग्रीन गेट अजून पुढे होतं. पण मला तिथेच कळलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक मी लहानपणापासून होडीतून बघत आलेय. मुंबईहून सुटणारी मोठी क्रूझ गोव्यात मुरगावला लागते, कारण तिला तेवढं खोल पाणी लागतं. ती मालवणच्या खडकांत कशाला शिरेल? हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते वापरलं नाही. आणि जिने कागद हातात घेताक्षणी पकडलं असतं, तिच्यापासून तो कागद तीन आठवडे लपवून ठेवला होता. त्याच्याच सांगण्यावरून.

गेटवर काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. सुरक्षारक्षकाने पास उलटसुलट केला, आज या नावाची बोट नाही म्हणाला. त्याच्या सुरावरून असे कागद त्याने आधी पाहिले असावेत. आमच्यासारखंच एक जोडपं सुटकेसवर बसलं होतं. त्यांचा मार्ग मात्र वेगळा होता: मुंबई, दमण, दीव. नवऱ्याचं बालपण दीवमध्ये गेलं होतं म्हणे.

१९३० ला फोन मी तिथूनच लावला, आईच्या सांगण्यावरून नव्हे तर त्या जोडप्यातल्या बाईंनी सुचवलं म्हणून. सायबर फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, शेवटचा व्यवहार कधीचा? चौदा-पंधरा तास झाले होते. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो तुमच्या यूपीआय अॅपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. मी फोन कानाला लावून तो शोधत होते, त्यात दहा मिनिटं गेली. पुढे राष्ट्रीय सायबर पोर्टलवर रीतसर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही जाऊन आले. शेवटच्या १५,००० पैकी ६,३०० एका खात्यात गोठवता आले, बाकीचे तिथून पुढे गेले होते. आधीच्या तीन व्यवहारांचं तर विचारूच नका, आठवडे उलटले होते. गोठवलेले ६,३०० न्यायालयाच्या आदेशानंतर, पाच महिन्यांनी माझ्या खात्यात आले.

बँकेने हात वर केले. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं मी कुठेसं वाचलं होतं. तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे खरा, पण तुमच्या नकळत कुणी तिऱ्हाइताने पैसे काढले तर. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवले, तर तो तुमचा व्यवहार.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी व्हॉट्सअॅपचं संभाषण मागितलं. ते नव्हतं. त्या मुलाने पहिल्याच दिवशी संदेश चोवीस तासांत नाहीसे होण्याची सोय चालू केली होती. तशी एक ओळ स्क्रीनवर आलीही होती, मी वाचली नव्हती. उरले फक्त मी डाउनलोड केलेले कागद आणि आईला दाखवायला म्हणून काढलेले दोन स्क्रीनशॉट. पैशाचं बोलणं व्हॉट्सअॅपवर चालू असेल तर तेव्हाच्या तेव्हा स्क्रीनशॉट काढत जा.

महिन्याभराने आणखी एक फोन आला. 'सायबर सेल, दिल्ली. आपली रक्कम रिकव्हर झाली आहे, प्रोसेसिंगचे दहा टक्के भरा.' माझा तक्रारीचा आकडा त्याला रुपयापर्यंत बरोबर माहीत होता. या वेळी मी फोन स्पीकरवर टाकून आईपुढे धरला. ती त्याला म्हणाली, 'तूच त्यातले दहा टक्के कापून घे आणि बाकीचे पाठव.' त्याने फोन ठेवला. तो नंबर मी दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरच्या 'चक्षु' या सोयीवर कळवला. पैसे गेले नसले तरी संशयित फोन तिथे नोंदवता येतो.

भावाने चार दिवस तोंड फुगवलं, मग म्हणाला निदान मला विचारायचंस तरी. आई काही बोलली नाही. त्या दिवशी परत येताना टॅक्सी तिने भाऊच्या धक्क्याकडे वळवायला लावली होती, मांडव्याच्या रो-रोवर बसून तासाभराचा प्रवास केला, मांडव्याला चहा घेतला आणि परतलो. मी सगळा वेळ फोनवर यूटीआर शोधत होते. समुद्र तिने एकटीने बघितला.

हे सगळं लिहून काढायचं कारण गेल्या आठवड्यातलं. माझ्या मामेबहिणीने एक जाहिरात पाठवली, वेंगुर्ल्याच्या मावशीला न्यायचं म्हणतेय, तुला काय वाटतं? बोटीचा फोटो दुसरा, कंपनीचं नाव दुसरं, फोन नंबरही दुसरा. खाली लिहिलं होतं: 'मुंबई – जयगड – विजयदुर्ग – मालवण – गोवा. जुन्या कोकण बोटीच्या आठवणी पुन्हा जगा. डेकवर मसाला दूध.'