पहिला फिश टँक: बाऊल, दीड फुटी की दोन फुटी?

तीन वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला आम्ही एक फुटी टँक आणला, आणि त्याच दिवशी चार गोल्डफिश. दहाव्या दिवशी सकाळी चारही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी घाबरले. सगळं पाणी ओतलं, खडी नळाखाली घासून धुतली, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळला. दोन दिवसांत तीन मासे गेले.

स्वच्छतेच्या नादात मी काय धुऊन टाकलं, हे मला नंतर कळलं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो आणि तो माशांना विषारी असतो. स्पंजवर, खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही साखळी नव्या टँकमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्याकडे ती जेमतेम सुरू झाली होती, आणि नळाच्या क्लोरीनने मी तीही मारली.

म्हणून टँक निवडताना दिसण्याआधी लिटर बघा. बारा इंची चौकोनी टँक काठोकाठ भरला तर २८ लिटर होतात, खडी घालून आणि वर दोन बोटं जागा सोडून २२-२३. दीड फुटी (१८ × १० × १२ इंच) टँकमध्ये ३० लिटरच्या आत-बाहेर पाणी राहतं. दोन फुटी, १५ इंच उंचीच्या टँकमध्ये ६०. गोल बाऊलमध्ये पाच-दहा लिटर, फिल्टर लावायला जागा नाही आणि वरचं तोंड अरुंद, त्यामुळे हवेशी संपर्क कमी. बाऊलमध्ये मनी प्लांट छान दिसतो. त्यात मासा ठेवू नका.

लहान टँक सांभाळायला सोपा, असं नव्या माणसाला हमखास वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. एखादा मासा रात्री मेला आणि दगडामागे अडकून राहिला, तर २० लिटर पाणी सकाळपर्यंत बिघडतं; ६० लिटरमध्ये तुम्हाला दिवसभराची सवड मिळते. कामही फारसं वाढत नाही. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे दोन फुटीचं १५ लिटर, एक बादली. ती आदल्या दिवशी भरून उघडी ठेवली की क्लोरीन उडून जातं, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब घाला.

दोन फुटीची अडचण वजनाची. पाणी, काच, खडी मिळून ऐंशी किलोच्या आसपास जातं. टीव्हीच्या शोकेसवर किंवा भिंतीतल्या फळीवर तो ठेवायचा नाही. लोखंडी स्टँड हवा आणि काचेखाली थर्माकोलची शीट. भाड्याच्या घरात दर वर्षी-दोन वर्षांनी हलायचं असेल, तर मी दीड फुटीच सुचवेन. बाकी सगळ्यांनी दोन फुटी घ्यावा.

आता मासे. दीड फुटीत माझी पसंती एका नर फायटरला (म्हणजे बेटा माशाला). तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो, म्हणूनच दुकानात तो वाटीएवढ्या डब्यात तग धरतो. पण तग धरणं वेगळं. ३० लिटरमध्ये, झाडांच्या आडोशाला, तोच मासा दोन आठवड्यांत ओळखू येईनासा होतो: पंख उघडतात, रंग गडद होतो, तुम्ही जवळ गेलात की काचेपाशी येतो. पाणी २४ ते २८ अंश हवं, प्रवाह मंद हवा आणि वर झाकण हवं, कारण तो उडी मारतो. त्याच्यासोबत गप्पी ठेवू नका. त्यांच्या झुलत्या शेपट्या तो कुरतडतो.

गप्पी आपल्याला नवे नाहीत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं विहिरी-हौदांत सोडतं तेच हे. बोअरचं जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पाणी त्यांना मानवतं, आणि नळाच्या तोटीवर पांढरे थर धरणाऱ्या गावांत गप्पी आणि मोली हेच सगळ्यात सोपे. धोका संख्येचा. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि नराशी एकदा मिलन झाल्यावर पुढचे काही महिने नर नसतानाही देत राहते. जोडी आणलीत तर वर्षाच्या आत टँक ओसंडून वाहील. दोन फुटीत सहा नुसते नर आणा: रंग सगळा नरांतच असतो.

पुणे-नाशिककडे हिवाळ्यात हीटर नको असेल तर झेब्रा डॅनिओ घ्या. हा आपल्याच उपखंडातला मासा, १८-२० अंशांतही मजेत असतो. आठ जणांचा थवा हवा आणि पळायला लांबी हवी, म्हणून दोन फुटीतच. निऑन टेट्रा दिसायला या सगळ्यांत देखणा, पण त्याला मऊ (कमी क्षारांचं) पाणी आणि मुरलेला, म्हणजे जिवाणूंची साखळी नीट बसलेला, टँक लागतो. मुंबईच्या धरणांचं पाणी मऊ आहे, तिथे तो जमेल. तरी पहिले तीन महिने थांबा.

गोल्डफिश मात्र दोन्ही टँकना नाही. तो वीतभर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगतो आणि घाणही भरपूर करतो. आमचा वाचलेला चौथा मासा ओळखीच्यांच्या अंगणातल्या हौदात दिला, तो आता तळहातात मावत नाही. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभर होतो, आणि दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा बोटभर मासा तर तीन फुटांच्या पुढे जातो. मोठे झाल्यावर लोक हे मासे नदीत सोडतात. कृपया सोडू नका. सकर आपल्या नद्या-तलावांत पसरतो आणि स्थानिक माशांची जागा घेतो. दुकानात परत द्या, नाहीतर मोठा हौद असलेलं घर शोधा.

फिल्टरमध्ये मी स्पंज फिल्टरच्या बाजूने आहे. मोटरने पाणी ओढणारा पॉवर फिल्टर पाणी लवकर नितळ करतो, पण त्याचा जोर फायटरला झेपत नाही आणि पिल्लं आत ओढली जातात. स्पंज एअर पंपावर चालतो, म्हणजे दिवे गेले की बॅटरीचा छोटा पंप जोडता येतो. जिथे तासन्‌तास वीज जाते तिथे हाच मुद्दा निर्णायक ठरतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून, बस.

हातात थोडे पैसे आले की आणखी मासे घ्यायचे, का टँक सुधारायचा? आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं टेस्ट किट घ्या. दोन्ही शून्य येईपर्यंत एकही मासा वाढवायचा नाही. मग दुसरा स्पंज. मग झाडं: वॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास, साधी हायड्रिलासुद्धा. महागडा लाइट सर्वात शेवटी, आणि तोही रोज सहा-सात तासच, जास्त ठेवलात तर शेवाळ येतं. विदर्भात लाइटऐवजी छोटा पंखा घ्या. मे महिन्यात पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि पाण्यावर वारा लागला तर दोन-तीन अंश खाली येतात.

घरात एक फुटी आधीच असेल तर तो काढून टाकू नका. नवा दोन फुटी भरा, त्यात जुन्या टँकचा चालता स्पंज लावा, म्हणजे जिवाणूंची साखळी सोबत येते आणि सहा आठवड्यांची वाट बरीच कमी होते. जुन्यात दुसरा स्पंज बसवा आणि नवे मासे आधी दोन-तीन आठवडे तिथे वेगळे ठेवा. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके उठले तर ते तिथेच दिसतात, मोठ्या टँकमध्ये पसरत नाहीत. आमच्या एक फुटीत सध्या आठ झेब्रे आहेत. लेक कॅलेंडरवर खुणा करतेय, अजून नऊ दिवस बाकी आहेत.